बहात्तर तास आणि तीन महिने

या पानासाठी जी पत्रे येतात ती बहुतेक उसाच्या बिलाची, डीपी जळाल्याची, पीकविम्याची नाहीतर पाणंद रस्त्याची. मागच्या पंधरवड्यात आलेलं एक पत्र मात्र वेगळं होतं. नाव नाही, गाव नाही. वहीचा फाडलेला कागद, दोन्ही अंगांनी लिहिलेला. मजकूर थोडक्यात असा : माल भरून गाडीबरोबर शहरातल्या मार्केटला गेलो होतो. पट्टी हातात पडली, सोबतीला दोघे होते, रात्री थोडी घेतली आणि जाऊ नये तिथे गेलो. निरोध वापरला नाही. त्याला आज वीस दिवस झाले. चार दिवसांपासून अंगात कणकण आहे. बायकोला काय सांगावं कळत नाही आणि तिच्यापासून लांब कसं राहावं तेही कळत नाही. मला एड्स झाला असेल का, एवढंच छापा.

बिनपत्त्याच्या पत्राचं उत्तर पोस्टाने धाडता येत नाही. म्हणून ते इथे देत आहोत. एकासाठी देत असलो तरी ते अनेकांनी वाचावं, कारण असा प्रश्न उराशी घेऊन फिरणारे गावोगाव आहेत. फरक एवढाच की बाकीचे लिहीत नाहीत. ते गप्प बसतात, नाहीतर कुठल्यातरी बुवाच्या दारात जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा लेख कोणाच्या चालीचा निवाडा करण्यासाठी नाही. झालं ते बरं की वाईट, हे ज्याचं त्याला कळतं. आम्हाला सांगायचं आहे ते झाल्यानंतरचं. बांध फुटल्यावर तो कोणामुळे फुटला याची पंचाईत करत बसणारा शेतकरी आधी पीक घालवतो. शहाणा माणूस पहिल्यांदा पाणी वळवतो.

धोका किती?

सुरुवात नावापासून. एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही त्या विषाणूने शरीराची प्रतिकारशक्ती पोखरल्यावर, उपचार न घेता वर्षे गेल्यावर येणारी अवस्था आहे. वीस दिवसांत कोणालाही एड्स होत नाही. एचआयव्हीची लागण मात्र होऊ शकते. म्हणून पत्रातला प्रश्न असा वाचू : एका वेळच्या संबंधातून लागण होते का?

होऊ शकते. पण दर वेळी होतेच असं नाही. गावात या बाबतीत दोन टोकाची मते चालतात. एक म्हणतं, ‘एकदा गेला की संपला.’ दुसरं म्हणतं, ‘एकदाने काय होतंय?’ दोन्ही चूक आणि दोन्ही घातक. पहिलं मत माणसाला विहिरीकडे नेतं, दुसरं त्याला बेफिकीर करतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अनेक अभ्यास एकत्र करून काही सरासरी अंदाज दिले आहेत. जोडीदाराला लागण झालेली आहे, त्याचे औषध चालू नाही आणि निरोध वापरलेला नाही, असे धरून ते काढलेले आहेत. बाधित स्त्रीकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका १०,००० वेळांत सुमारे ४. बाधित पुरुषाकडून स्त्रीला तो १०,००० वेळांत सुमारे ८, म्हणजे दुप्पट. गुदमार्गाच्या संबंधात, ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याला तो सर्वांत जास्त, १०,००० वेळांत सुमारे १३८. बाधित माणसाने वापरलेली सुई नशेसाठी दुसऱ्याने वापरली तर सुमारे ६३. बाधित रक्त अंगात चढवले तर मात्र दहा हजारांत नऊ हजारांहून अधिक. म्हणूनच रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय देता येत नाही. मुखमैथुनात धोका फारच कमी आहे. चुंबन, मिठी, एका ताटात जेवणे, एका नळावर पाणी भरणे, डास, संडास, खोकला यांतून एचआयव्ही पसरत नाही. न्हाव्याकडे नवे पाते वापरायला सांगणे चांगलेच आहे, कावीळ-ब सारखा आजार त्याने टळतो. पण एचआयव्हीचे खापर न्हाव्याच्या वस्तऱ्यावर फोडून खरी वाट झाकू नये.

आता हे आकडे नीट समजून घ्या. ‘दहा हजारांत चार’ वाचून कोणी सुटकेचा श्वास टाकील. पण ही सरासरी आहे. गारपिटीत गावातली चारच शेतं झोडपली जातात, पण ती कोणाची हे आधी ठरलेलं नसतं. शिवाय काही गोष्टींनी हा धोका पुष्कळ वाढतो. दोघांपैकी कोणाला गरमी, परमा किंवा जननेंद्रियावर जखम, फोड असेल तर विषाणूला आयती वाट मिळते. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड संख्येने असतात आणि धोका कित्येक पटींनी वाढतो. उलट जोडीदाराचे औषध नियमित चालू असेल आणि रक्तातले विषाणू दबलेले असतील तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. निरोध नीट आणि अखेरपर्यंत वापरला असेल तर धोका फार कमी होतो. तो फाटला किंवा निसटला तर वापरलाच नाही असे धरावे.

समोरच्या माणसाकडे पाहून यातले काही कळत नाही. धट्टाकट्टा दिसणारा बाधित असू शकतो आणि हडकलेला पूर्ण निरोगी असू शकतो. ‘ती बाई त्या धंद्यातली होती म्हणून’ किंवा ‘चांगल्या घरातली होती म्हणून’ हा हिशेबही खोटा आहे. सांगली भागात ‘संग्राम’ संस्थेबरोबर आणि १९९६ साली उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतून या व्यवसायातल्या बायकांनीच निरोधाचा आग्रह धरला. नको म्हणणारा बहुतेक वेळा गिऱ्हाईक असतो. ऊसतोडीवाले, ट्रकवाले, तमाशावाले यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्या गावाने हात झटकण्यात अर्थ नाही. विषाणू धंदा विचारत नाही, जात विचारत नाही, सातबाराही बघत नाही.

पहिले बहात्तर तास

आता जे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे ते. असा प्रसंग घडल्यानंतर लागण टाळण्यासाठी औषध आहे. डॉक्टर त्याला ‘पेप’ म्हणतात. एचआयव्हीच्या उपचारात वापरतात तीच औषधे, साधारणपणे तीन औषधांची मिळून एक गोळी, रोज एक अशी २८ दिवस घ्यायची. विषाणू शरीरात बस्तान मांडण्याआधीच त्याला रोखायचे, हे तिचे काम.

पण तिला मुदत आहे. बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस. त्यातही पहिल्या काही तासांत सुरू झाली तर उत्तम. जितका उशीर तितका उपयोग कमी आणि तीन दिवसांनंतर ती सुरू करत नाहीत. तणनाशक उगवणीपूर्व असेल तर ते पेरणीनंतर लगेच मारायचे असते, तण गुडघ्याला लागल्यावर नाही. तसेच हे. गोळी मध्येच सोडली तरी काम फसते. आणि घेतली म्हणजे शंभर टक्के हमी मिळाली असेही नाही, म्हणून नंतरची तपासणी चुकवायची नाही.

यासाठी जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, किंवा एआरटी केंद्र गाठावे. रात्र असेल तर अपघात विभागात जावे. काय घडले, किती वाजता घडले, निरोध होता की नाही, हे डॉक्टरला आडपडदा न ठेवता सांगावे. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टर जोखीम पाहून ठरवतात. सरकारी योजनेत हे औषध प्रामुख्याने सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचार झालेल्या व्यक्तींसाठी ठेवलेले असते. इतरांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर ते बाहेरून घ्यावे लागू शकते. तसे असले तरी विचारल्याशिवाय परत फिरू नये.

पोलीस पाटील आणि सरपंच यांनी इथे एक गोष्ट गाठीला बांधावी. गावातल्या एखाद्या मुलीवर, बाईवर किंवा मुलावर अत्याचार झाला तर ‘आधी फिर्याद, मग दवाखाना’ असे कधीही करू नका. आधी दवाखाना. सरकारी असो की खासगी, अशा रुग्णावर तातडीने आणि मोफत उपचार करणे रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे. बैठक, मिटवामिटवी, ‘सकाळी बघू’ यात तीन दिवस गेले तर त्या जिवाला मिळू शकणारे संरक्षण आपण आपल्या हाताने घालवले, असा त्याचा अर्थ होतो.

आणि काय करू नये तेही सांगतो. जंतुनाशकाने किंवा तिखट पदार्थाने धुण्याने विषाणू मरत नाही, उलट कातडी सोलपटून निघते. गावातल्या दवाखान्यात ‘खबरदारीची सुई’ टोचून घेतल्याने एचआयव्ही टळत नाही. उरलेल्या जुन्या गोळ्या खाऊन टळत नाही. अमुक वैदू, तमुक काढा, एड्स मुळासकट बरा करतो म्हणणारी पाटी, हे सगळे पैसे काढण्याचे धंदे आहेत. एड्स बरा करतो असा दावा कोणत्याही औषधाबाबत करायला आपल्या औषध नियमांनीच मनाई केलेली आहे.

वीस दिवस झालेत, त्याचे काय?

पत्र लिहिणाऱ्या भावाची बहात्तर तासांची गाडी सुटली आहे. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण खोटा धीर देण्यात अर्थ नाही. मात्र पुढची गाडी सुटलेली नाही आणि तिच्यात तो एकटा नाही.

आधी तापाचे बघू. नव्याने लागण झालेल्या बऱ्याच जणांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असा त्रास होतो आणि तो आपोआप ओसरतो. पण कित्येकांना काहीच होत नाही. उलट असाच ताप फ्लूने येतो, डेंगीने येतो, हवापालटाने येतो. कणकण आली म्हणून लागण झाली असे नाही आणि कणकण गेली म्हणून सुटलो असेही नाही. भीतीने जेवण तुटते, जुलाब लागतात, झोप उडते, वजन घटते. मग तेच वजन बघून माणूस आणखी घाबरतो. अंगाकडे बघून निदान करणे बंद करा. निदान फक्त रक्ताच्या तपासणीने होते.

तपासणीलाही वेळ लागतो. विषाणू शरीरात शिरला तरी तो चाचणीत लगेच दिसत नाही. मधल्या या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. बोटाच्या रक्तावर होणारी नेहमीची झटपट चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती दिसायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या नव्या प्रकारच्या चाचणीत १८ ते ४५ दिवसांत लागण दिसू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी करून ‘निगेटिव्ह’चा कागद खिशात घालून फिरणाऱ्याची फसगत होते. तो कागद मागच्या दिवसांचा हिशेब सांगतो, कालच्या रात्रीचा नाही.

मग करायचे काय? आजच एकदा तपासणी करून घ्यावी, सहा आठवडे झाल्यावर दुसरी आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर शेवटची. मधे पुन्हा जोखीम घेतली नसेल आणि तीन महिन्यांची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या रात्रीपुरते प्रकरण मिटले असे समजायला हरकत नाही. ज्यांनी पेपच्या गोळ्या घेतल्या असतील त्यांनी पुढच्या तारखा डॉक्टरांकडून घ्याव्यात. ताप असेल तर तो आणि त्या प्रसंगाची तारीख, दोन्ही डॉक्टरला सांगावे. त्यावरून लवकर कळणारी चाचणी करायची का हे त्यांना ठरवता येते. त्याच वेळी गरमी आणि कावीळ-ब यांचीही तपासणी करून घ्यावी. लघवीला जळजळ, पू, फोड, जांघेत गाठ असे काही असेल तर लपवू नये. गरमी आणि परमा औषधाने पूर्ण बरे होतात आणि ते बरे झाले की एचआयव्हीची एक वाटही बंद होते.

ही तपासणी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, मोफत होते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आणि पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांत ही केंद्रे आहेत. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते. आपल्याच तालुक्यात तोंड दाखवायला संकोच वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जा, कोणी अडवत नाही. आधी फक्त बोलायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर नाव सांगावे लागत नाही.

घरातल्या बाईचा हिशेब

आता या पत्रातल्या त्या ओळीकडे येतो, जी आम्हाला सर्वांत जड गेली : बायकोपासून लांब कसं राहावं ते कळत नाही.

हा प्रश्न त्याला पडला, यातच त्याचे माणूसपण आहे. पुष्कळांना तो पडतही नाही. पण आता गणित बघा. वर सांगितले की बाधित पुरुषाकडून बायकोला एका वेळचा धोका १०,००० त सुमारे ८. एका वेळेपुरता तो लहान दिसतो. पण बायकोच्या बाबतीत ती एक रात्र नसते, तो संसार असतो. शंभर वेळांचा हिशेब केला तर तो शंभरात जवळजवळ ८ वर जातो आणि वर्षे जातील तसा वाढतच राहतो. नवऱ्याची जोखीम एका रात्रीची, बायकोची रोजची. या साथीच्या सुरुवातीच्या काळात खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायका, ज्यांनी माहेर आणि सासर याशिवाय तिसरं गाव पाहिलं नव्हतं, त्या अशाच बाधित झाल्या. नवरा गेल्यावर त्यांनाच ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून घराबाहेर काढलं गेलं. विषाणू नवऱ्याने आणला आणि शिक्षा तिने भोगली.

आणखी एक गोष्ट. लागण झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणजे रक्तात विषाणू सर्वांत जास्त असण्याचा काळ. आणि नेमक्या त्याच काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या दिवसांत नवरा दुसऱ्याला सर्वांत जास्त धोकादायक असतो, त्याच दिवसांत कागदावर तो निर्धोक दिसतो. म्हणून तीन महिन्यांची चाचणी होईपर्यंत एकतर संबंध टाळायचा, नाहीतर प्रत्येक वेळी निरोध वापरायचा. यात सवलत नाही. तोवर रक्तदानही करायचे नाही.

यातली अडचण आम्हाला कळते. दोन पोरांनंतर तिचं ऑपरेशन झालेलं असतं. मग इतक्या वर्षांनी अचानक निरोध कशाला, असं ती विचारणारच. तो प्रश्न टाळण्यासाठी कित्येक पुरुष निरोध टाळतात आणि तिथेच दुसरा गुन्हा घडतो. पहिली चूक दारूच्या भरात झाली असेल, ही मात्र शुद्धीत होते. तिला खरं सांगा. एकट्याने सांगण्याचा धीर होत नसेल तर आयसीटीसीतले समुपदेशक याच कामासाठी बसलेले असतात, त्यांच्यासमोर सांगा. चार दिवस अबोला राहील, माहेरी जाण्याची भाषा होईल. ते सोसा. तिला विचारण्याचा, रागावण्याचा आणि स्वतःची तपासणी करून घेण्याचा पूर्ण हक्क आहे. या वीस दिवसांत संबंध आला असेल तर तिची तपासणीही तितकीच गरजेची आहे. शेवटचा संबंध कालपरवाचा असेल तर तिच्यासाठी पेपचे विचारायला आजच डॉक्टरकडे जावे. आणि ती गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर एक दिवसही थांबू नका. उपचार नसेल तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात १५ ते ४५ इतका असतो. वेळेवर औषध सुरू झाले तर तो शंभरात पाचाच्या खाली येतो.

पॉझिटिव्ह आला तर?

तर आयुष्य संपले नाही. हे वाक्य उगीच धीर देण्यासाठी लिहिलेले नाही. १९८६ साली चेन्नईत देशातली पहिली लागण सापडली तेव्हा हातात काही नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी औषधे द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. सुरुवातीला प्रतिकारशक्ती खाली आल्यावरच औषध मिळे. २०१७ पासून लागण सापडताच औषध सुरू करायचे असे धोरण झाले. आता रोज एक गोळी पुरते. ती आयुष्यभर घ्यायची असते, पण ती घेणारा माणूस शेतात राबतो, संसार करतो, नातवंडे बघतो.

त्याहून मोठी बाब म्हणजे औषधाने दुसऱ्यालाही संरक्षण मिळते. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ साली पुढे आले. नंतर युरोपातल्या जोडप्यांच्या २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, औषधाने विषाणू पूर्ण दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही, निरोध न वापरतासुद्धा. म्हणजे तपासणी ही केवळ आपल्यासाठी नसते. जो तपासणी टाळतो तो औषध टाळतो आणि जो औषध टाळतो तो घरच्यांचा धोका वाढवतो.

२०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांपैकी जवळपास ४ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वांत जास्त. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण मोठे नाही, पण ‘आमच्या गावात असलं काही नाही’ म्हणण्याइतके लहानही नाही.

गावाने काय करायचे?

शेवटी गावकारभाऱ्यांशी बोलायचे आहे. पत्र लिहिणाऱ्याने नाव लिहिले नाही, कारण त्याला विषाणूइतकीच गावाची भीती वाटते. ती भीती आपण तयार केली आहे. तालुक्याच्या दवाखान्यात कोण कोणत्या खोलीत शिरला याची बातमी एसटी गावात पोचायच्या आत पारावर येते. मग माणूस जातच नाही. बहात्तर तास निघून जातात, तीन महिने निघून जातात आणि पुढे बायको गरोदरपणात तपासणीला गेल्यावर घराला कळते. गावाचे तोंड बंद राहिले असते तर एक घर वाचले असते, असे किती ठिकाणी घडले असेल याचा विचार करावा.

कायदाही आता याच बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. त्याच्या लागणीची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर, मालमत्ता यांत भेदभाव करता येत नाही. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नाआधी चाचणी सक्तीची, असा ठराव ग्रामसभेला करता येणार नाही. मुलगा-मुलगी दोघांनी राजीखुशीने तपासणी केली तर ती चांगलीच गोष्ट आहे. कायद्याने बाधितावरही जबाबदारी टाकली आहे. दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून त्याने काळजी घेतलीच पाहिजे. आणि तो जोडीदाराला सांगतच नसेल, तिला खरा धोका असेल, तर त्याला समजावून आणि पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात.

ग्रामपंचायतीला यासाठी निधी लागत नाही. जवळचे आयसीटीसी कुठे, एआरटी केंद्र कुठे आणि १०९७ हा क्रमांक, एवढे तीन ओळींचे फलक चावडीवर, डेअरीवर, सोसायटीत आणि एसटी थांब्यावर लावता येतात. ‘तीन दिवसांच्या आत’ हे शब्द त्यावर मोठे लिहावेत. साखर कारखान्यांनी गळीत हंगामात तोडणी मजुरांच्या तळावर आणि गाडीतळावर हेच करावे, मात्र मजुरांना बोल लावून नव्हे तर त्यांच्या सोयीसाठी. आरोग्य उपकेंद्रात निरोध मोफत असतो. तो मागणाऱ्या पोराकडे बघून हसू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ. गावात बाधित आणि गरजू कुटुंब असेल तर तलाठी व ग्रामसेवकांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरायला मदत करावी आणि ते करताना आजाराचे नाव चारचौघांत उच्चारू नये. आशाताईंनी तर हे ऐकले की तिथेच गाडून टाकावे. त्यांच्यावर गावाचा जो विश्वास आहे तो अशाच गोष्टींवर उभा राहतो.

आणि भाऊ, आता तुला. तुला झाला असेल का, याचे उत्तर वर्तमानपत्र देऊ शकत नाही, ते तुझे रक्तच देईल. आकडे तुझ्या बाजूने आहेत, पण आकड्यांवर संसार सोडून देता येत नाही. आजच्या मुक्कामी गाडीने परत यायचे असे ठरवून सकाळची एसटी धर. केस पेपर काढ, समुपदेशकाला जे आम्हाला लिहिलेस तेच सांग आणि पुढच्या दोन तारखा लिहून घे. आणि घरी आल्यावर, तीन महिने होईपर्यंत, तिला धोक्यात घालू नकोस. दुसरे पत्र लिहिलेस तर नाव नाही घातलेस तरी चालेल. फक्त तपासणी झाली, एवढे दोन शब्द कळव.